गोधड्यांचा भागाकार

आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र मंडळ नावाचं एक मंडळ होतं. मंडळात सर एक, विद्यार्थी अठरा-वीस आणि वर्षाकाठी कार्यक्रम एकच, निबंधवाचनाच्या स्पर्धेचा. विषय सर चिठ्ठ्या टाकून वाटायचे, म्हणजे वशिल्याचा प्रश्न नको. त्र्याण्णव साली मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मनातल्या मनात 'महागाई' मागत होते. महागाईवर आमच्या घरात रोज संध्याकाळी फुकट व्याख्यान व्हायचं, ते नुसतं उतरवून काढलं असतं तरी निबंध झाला असता. चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेलं, 'श्रीमंत राष्ट्रे परदेशांतील आपत्तींत किती उदारपणे मदत करतात? तुलना करा.'

महागाई माझ्या शेजारच्या मुलीला गेली. एका बाजूला कर्जत आणि दुसऱ्या बाजूला दादर एवढंच तोवर माझं जग होतं. त्यात श्रीमंत राष्ट्रं कुठे बसवायची ते मला कळेना.

कॉलेज उल्हासनगरला आणि आम्ही राहायला अंबरनाथला, बौद्ध वस्तीत. बाबा कारखान्यात हेल्पर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि गेले ती मावशीमुळे. मावशी सख्खी नव्हे, शेजारच्या खोलीतली. तिचा नवरा लवकर गेला होता, मुलगी एक, आणि नोकरी औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायची. दहावीनंतर बाबा मला टायपिंगच्या क्लासला घालणार होते, तेव्हा ती आमच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "भाऊ, पोरीला कॉलेजात घाल. नाही घातलंस तर तुझ्या घरचा चहा मला बंद." ती दिवसातून तीनदा आमच्याकडे चहा प्यायची, त्यामुळे धमकी साधी नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबांनी फॉर्म आणला.

त्या बदल्यात मी तिला रविवारी वाचायला शिकवायचे. चार वर्षांत ती दुकानांच्या पाट्या आणि पेपरातले मोठे मथळे वाचायला लागली होती. जोडाक्षर आलं की मात्र थांबायची आणि माझ्याकडे अशी बघायची, जणू ते मीच मुद्दाम तिथे ठेवलंय.

तिच्या मुलीला मी ताई म्हणायचे. त्या वर्षी ताईला वांगणीचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, घरची थोडी भातशेती, माणसं मनमिळाऊ. याआधीची दोन स्थळं मावशीची खोली बघून परत गेली होती. मुलीला नाव ठेवायला जागा नव्हती, खोलीला होती. म्हणून या स्थळाबद्दल मावशी मोठ्यानं बोलतही नसे. पाहुणे ऑक्टोबरात एका रविवारी यायचे ठरले होते, आणि तोवर भिंतींना चुना लावायचा, एवढंच ती म्हणायची.

माझा निबंध मात्र हलेना. कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर काही नव्हतं. सर म्हणाले, "कॅम्प एकमध्ये रद्दीची दुकानं आहेत. मुंबईची इंग्रजी मासिकं तिथे किलोनं येतात. जा, शोध."

दुकानदार एक म्हातारे सिंधी शेठ होते. मी त्यांना म्हटलं, "अंकल, जिसमें भूकंप, पूर, दुष्काळ है, ऐसा पेपर मंगता है."

"दुनिया का सारा दुख एक साथ चाहिए तेरे को?" शेठ म्हणाले. "इस उमर में शादी-ब्याह का कुछ पढ़, बेटी."

मग त्यांनी मला एका पोत्यावर बसायला दिलं आणि तीन गठ्ठे समोर टाकले. तीन आठवडे मी रोज तास-दीड तास तिथे बसत होते. कुठल्या देशात काय कोसळलं, कोणी काय पाठवलं, हे वहीत टिपत होते. एकदा शेठनी वहीत डोकावून विचारलं, "कौन आगे है?"

"अमेरिका."

"असली वाला, कि अपना?"

उल्हासनगरात तेव्हा घड्याळापासून जीन्सपर्यंत सगळ्यावर 'मेड इन यूएसए'चा शिक्का असायचा आणि तो कुठल्या कॅम्पात मारतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्वतःच्याच विनोदावर हसून झाल्यावर शेठ म्हणाले, "हम भी बँटवारे के बाद इधर कॅम्प में आए थे, बच्चे थे. कंबल मिला था. किसने दिया, मालूम नहीं. पर इतना चुभता था कि आज तक पीठ को याद है."

ते मी वहीत लिहून घेतलं नाही. त्याचा विषयाशी संबंध आहे असं मला वाटलं नाही.

देशांची यादी करून मी सरांना दाखवली. ज्यानं सर्वांत जास्त दिलं तो वर, कमी दिलं तो खाली. सरांनी ती नीट वाचली आणि म्हणाले, "तू मदत मोजलीस. उदारपणा कुठे मोजलास?"

मी यादी पुन्हा वरून खाली पाहिली.

"एकाच्या घरात शंभर भाकऱ्या, त्यानं पाच दिल्या. दुसऱ्याच्या घरात चार, त्यानं एक दिली. जास्त कोणी दिलं? आणि उदार कोण? भागाकार कर, पोरी."

मी भागाकार केला आणि अख्खी यादी उलटीपालटी झाली. ज्यांची नावं मी शेवटी कशीबशी कोंबली होती ते नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन असे लहानसे थंड देश भराभर वर चढले आणि पहिला नंबरवाला पार खाली घसरला. इतका आनंद मला बारावीच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता. धाकट्या भावाच्या नकाशाच्या पुस्तकात मी हे देश शोधून काढले आणि आईला दाखवले. आई म्हणाली, "एवढ्या थंडीत राहतात आणि तरी दुसऱ्याला पांघरूण देतात, चांगलीच आहेत की माणसं."

आणि मग भूकंप खरंच झाला. गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, लातूर-उस्मानाबादकडे. वस्तीतल्या पाच-सहा घरांचे नातेवाईक तिकडचे. दोन दिवस कोणाचं कामात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी विहाराचे सेक्रेटरी काका, हे आमच्या वस्तीतले सगळ्यात टापटीप गृहस्थ, लाउडस्पीकरवर म्हणाले, "पैसे देऊ नका. ट्रक जाणार आहे. पांघरूण द्या."

गोळा करायला ताई आणि मी निघालो. एका खोलीच्या घरात लपवायला जागा नसते. अंथरुणं-पांघरुणं घडी करून पत्र्याच्या पेटीवर रचलेली असतात, दारातूनच मोजता येतात. मी मोजत गेले. का, तर सवय लागली होती. या घरात नऊ, दिल्या दोन. त्या घरात पाच, दिली एक. वस्तीच्या तोंडाशी स्लॅबचं घर होतं ते कंत्राटदारांचं. त्यांनी बाजारातून आणलेल्या बारा कोऱ्या चादरी प्लास्टिकसकट दिल्या. त्यांच्याकडे पांघरुणांचं वेगळं कपाट होतं, ते उघडंच होतं.

मावशीच्या पेटीवर दोन गोधड्या होत्या. त्यातली चांगली तिनं काढून दिली. ताई म्हणाली, "आई, अगं थंडी येतेय." मावशी म्हणाली, "आपल्या दोघींना एक पुरते. त्यांच्यावर तर आभाळच पांघरायची वेळ आलीय."

आमच्या विहारात एक पद्धत होती. कशासाठीही काही गोळा झालं की देणाऱ्यांची नावं ओसरीतल्या फळ्यावर खडूनं लिहायची, जास्त देणारा वर, कमी देणारा खाली. वर्षानुवर्षं वरचं नाव कंत्राटदारांचं असे आणि त्याचं कोणाला काही वाटत नसे. या वेळी, पुढच्या गुरुवारी सगळं गोळा झाल्यावर, सेक्रेटरी काका खडू माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं. शिकलेली आहेस. लिही."

शिकलेली आहेस म्हटल्यावर मला राहवेना. ही पद्धत चुकीची आहे हे मला आता शास्त्रानं माहीत होतं. मी वर मथळा दिला, 'भूकंपग्रस्तांसाठी मदत: उदारतेचा क्रम'. खाली भागाकार करून नावं लिहिली आणि प्रत्येकासमोर, हिशेब कोणालाही पडताळता यावा म्हणून, किती पैकी किती तेही लिहिलं. पहिल्या ओळीत मावशीचं नाव आलं, पुढे 'दोनपैकी एक'. कंत्राटदार अकरावे आले. लिहून झाल्यावर मी चार पावलं मागे जाऊन फळा पाहिला. नॉर्वेला न्याय दिल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिल्या आल्या त्या कंत्राटदारांच्या बाई. "काय गं, आमच्या कपाटात मोजायला तुला बोलावलं होतं का? बारा चादरी दिल्या त्या दिसल्या नाहीत, राहिलेल्या दिसल्या?"

"काकी, तसं नाही, हे प्रमाण आहे."

"प्रमाण तुझ्या कॉलेजात ठेव."

त्यांचं मला फारसं लागलं नाही. श्रीमंत राष्ट्रंही अशीच रागावत असतील, असं मी मनाशी म्हटलं. मी वाट बघत होते मावशीची. ती शिफ्ट संपवून चारच्या सुमाराला आली. मी तिला हात धरून ओसरीत नेलं. तिनं फळ्यासमोर उभं राहून, मी शिकवलं होतं तसं, बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. स्वतःचं नाव वाचून हसली. मग पुढे, "दो-न-पै-की... ए-क." जोडाक्षर एकही नव्हतं. ती अडखळली नाही.

"हे माझ्या गोधडीचं का गं?"

"हो मावशी! पहिला नंबर! सगळ्या वस्तीत!"

तिनं फळ्याकडे पुन्हा पाहिलं. "मी ती भूकंपाला दिली होती," ती म्हणाली. "तू माझ्या घरातली उरलेली इथे टांगलीस."

आणि गेली. त्या संध्याकाळी ती आमच्याकडे चहाला आली नाही.

मी पळत जाऊन फळा पुसला. पण त्याच दुपारी वांगणीहून मुलाचे मामा येऊन गेले होते, रविवारी येतो हे नक्की सांगायला. मावशीच्या खोलीला कुलूप होतं, म्हणून ते तासभर विहाराच्या ओसरीत बसले होते. तासभर बसलेला माणूस समोरचा फळा वाचतोच. त्यांनी सेक्रेटरी काकांना बोट दाखवून विचारलंही होतं, "ह्याच का त्या बाई?" आणि काकांनी अभिमानानं सांगितलं होतं, "ह्याच."

हे कळल्यावर आई माझ्यावर ओरडली नाही. नुसती म्हणाली, "दोन स्थळं खोली बघून गेली होती. ह्यांना तर तू खोली बघायच्या आधीच दाखवलीस." जिच्यामुळे मी शिकले, तिच्या मुलीचं लग्न मी शिकलेलं वापरून मोडत होते.

शनिवारी संध्याकाळी मला सुचलं. मी ताईला नळावर गाठून म्हटलं, "ताई, उद्या सकाळी मला खोलीची किल्ली दे. मावशी पोहे आणायला जाईल तेव्हा." ताई आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "आणखी काय बिघडायचंय?"

वस्तीत कोणाकडे किती पांघरूण जास्तीचं आहे हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. रविवारी सकाळी मी त्याच दारांवरून फिरले. "काकू, सातातल्या दोन द्या, दुपारी परत आणते." एकीनंही कशाला म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. कंत्राटदारांच्या दाराशी मी पायरीखालीच उभी राहिले. बाई आत गेल्या आणि माहेरहून आलेली लाल मखमली रजई घेऊन आल्या. "घे," त्या म्हणाल्या. "हिला पण भाग."

मावशी पोह्यांची पिशवी घेऊन परतली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीवर गोधड्यांचा ढीग छताला टेकला होता. सगळ्यात वर लाल रजई. मावशीनं ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं तोंड उघडलं तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "जय भीम! येऊ का आत?"

पाहुणे चौघे होते. मुलगा, त्याचे वडील, ते फळा वाचलेले मामा आणि मुलाची आई. ढिगानं इतकी जागा खाल्ली होती की मामांना अगदी त्याला खेटून बसावं लागलं. ताई पोहे घेऊन आली. मुलानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मुलाकडे पाहिलं, तिकडचं काम चटकन झालेलं दिसलं. पण मुलाच्या आईचं लक्ष ढिगावर. त्या उठल्या आणि गोधड्यांच्या कडांवरून हात फिरवायला लागल्या.

"बाई, ह्या कोनी शिवल्या?"

"घरच्याच," मावशी म्हणाली. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे तिचा आवाज बारीक झाला.

"ह्या गोधडीचा टाका उजवीकडनं फिरत आत आलाय. आनि ही डावऱ्या हाताची. तुमच्या घरात डावरी कोन?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी मधली एक नीट बघायला ओढली. ढीग हलला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि लाल रजईसकट मामांच्या अंगावर आला. मामा दिसेनासे झाले. आतून फक्त आवाज आला, "अहो, माझे पोहे!"

पहिल्यांदा मुलगा हसला. मग ताई. मग मावशीला इतकं हसू आलं की तिला डोळे पुसावे लागले, आणि त्या हसण्यातच तिचं खोटं संपलं. मामांना बाहेर काढून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, खरं सांगते. ह्यातली माझी एकच. बाकी सगळ्या वस्तीच्या आहेत. दुपारी परत जायच्या आहेत."

"माहीत हाय मला," मुलाची आई म्हणाली. "हा भाऊ फळा वाचून आला तवा मला सांगितलं त्यानं. मी म्हटलं, दोनातली एक देनारी बाई कशी हाय, तिचा टाका कसा हाय, बघायलाच पायजे. मगापासून तुमचीच शोधतेय. कुठली?"

मावशीनं पसाऱ्यातून आपली काढून दिली. निळ्या लुगड्याची, मधोमध विटलेली. बाईंनी ती मांडीवर पसरून कडेपासून मधापर्यंत पाहिली. "हां," त्या म्हणाल्या. एवढंच. पण तो हां ऐकून ताई चुलीकडच्या पडद्याआड पळाली.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. बाईंनी घडी घालता घालता विचारलं, "पन तो फळा लिहिनारी कोन? तिला सांगा, कोनाचं घर असं वेशीवर टांगू नये."

मावशीनं माझ्याकडे न बघता ट्रे घेतला.

"पोर आमचीच आहे," ती म्हणाली. "शिकतेय अजून."

संध्याकाळी मी गोधड्या घरोघर पोचवल्या. एकही चुकली नाही, हे सांगायला हरकत नाही. लाल रजईवर पोह्याची हळद लागली होती. कंत्राटदारांच्या बाईंनी डाग बघितला, आधी "जमलं का?" विचारलं आणि मग ओरडल्या. मी परत आले तेव्हा मावशी आमच्या चौकटीला टेकून चहा पीत होती.

निबंध मी डिसेंबरात वाचला. देशांची यादी ठेवली, भागाकारही ठेवला, तो बरोबरच होता आणि आजही मला बरोबरच वाटतो. पण शेवटी एक नवा रकाना आखला होता, 'घेणाऱ्याला काय वाटलं', आणि तो जवळजवळ रिकामा होता. तीन गठ्ठ्यांत मला कोणी ते लिहिलेलं सापडलं नव्हतं. कोणी किती विमानं पाठवली, कोणी कबूल करून पाठवलंच नाही, कोणी उन्हाळी देशात लोकरीचे कोट पाठवले, हे सगळं होतं. त्या रकान्यात मी एकच ओळ भरली होती, टोचणाऱ्या कंबलाची. सरांनी विचारलं, "याचा आधार?" मी म्हटलं, "रद्दीचं दुकान, सर." सगळे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी मान हलवली. मला दुसरा नंबर मिळाला. पहिला महागाईला.

ताईचं लग्न मेमध्ये झालं, विहारातच. नवरीचं आवरून झालं, वांगणीची मंडळी बसली, आणि आमच्यात एक काम नेहमीच शिकलेल्याकडे येतं ते माझ्याकडे आलं, आहेर लिहायचं. मावशी गर्दीतून वाट काढत आली. माझ्या हातात वही आणि पेन दिलं, दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"हे बघ," ती म्हणाली, "नावं लिही. नुसती नावं. भागाकार नको."